बटणांवर मोजलेली राज्यघटना

देशाची राज्यघटना लिहायला एकशे अठरा माणसं निवडून आली, तेव्हा त्यांच्यासाठी बांधायला घेतलेल्या सभागृहाला अजून छप्पर नव्हतं. कंत्राटदार म्हणत होता, पुढच्या महिन्यात. कंत्राटदाराचा पुढचा महिना कधी उजाडतो हे कुणाला सांगायला नको. मग सभा भरली शहरातल्या जुन्या नाट्यगृहात. या नाट्यगृहासोबत देशाच्या वाट्याला आल्या चारशे खुर्च्या, त्यातल्या साठेक टोचणाऱ्या, शिवाय सात रंगवलेले पडदे, एक पितळी घंटा आणि कपडेपटवाल्या मावशी.

मावशी नऊ वर्षांच्या असताना आईचं बोट धरून कपडेपटात आल्या होत्या, त्या तिथल्याच झाल्या. आता पन्नाशी उलटली होती. कारकुनाला दहा मिनिटांत राजा करायचं आणि खेळ संपला की राजाच्या अंगातून पुन्हा कारकून बाहेर काढायचा, हा त्यांचा धंदा. नवरा त्याच नाट्यगृहात पडदा ओढायचा आणि घंटा वाजवायचा. लग्नाला तीस वर्षं झाली होती आणि त्या तीस वर्षांत नवऱ्याने पडदा वेळेवर पाडला असेल तर तो मावशींनी खालून डोळे वटारले म्हणून.

सभेने पहिला आठवडा कशात घालवला म्हणाल, तर अध्यक्षांच्या मागे पडदा कोणता लावायचा यात. राजवाड्याचा नको, राजेशाही वाटते. जंगलाचा नको, अराजक वाटतं. तुरुंगाचा पडदा उलगडला तसा तो न बोलता गुंडाळला गेला. दोन दिवस भाषणं झाली, एका सभासदाने सभात्याग केला आणि छत्री राहिली म्हणून परत आला. शेवटी रेल्वे स्टेशनाचा पडदा बहुमताने मंजूर झाला. स्टेशनावर सगळे सारखे, सगळेच ताटकळलेले. त्या पडद्यावरच्या रंगवलेल्या घड्याळात कायम चार वाजून दहा मिनिटं झालेली असत आणि त्याखाली अध्यक्ष बसत. ते निवृत्त न्यायाधीश होते, गोल, शांत, आणि कुणी ओरडलं की जास्तच शांत होणारे.

पण खरी पंचाईत त्याही आधी, पहिल्याच सकाळी झाली होती, मतं मोजताना. पहिलं मतदान अध्यक्षांच्या निवडीचं. सचिवांनी हात वर करायला सांगितले. सचिव म्हणजे काटक, टापटीप, नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपतील असे गृहस्थ. त्यांनी तीनदा मोजलं आणि तीन वेगवेगळे आकडे आले. तिसऱ्यांदा तर एकूण मतं एकशे एकवीस भरली.

विंगेत बसून गोट शिवणाऱ्या मावशींना राहवेना. "अहो साहेब, माणसंच एकशे अठरा आहेत. त्यात तिसऱ्या रांगेतले दोघं हात दोन-दोनदा वर करतायत, आणि ते मागचे आजोबा मत देत नाहीयेत, आळस देतायत."

त्या दिवसापासून मोजणी मावशींकडे आली. पद्धतही त्यांचीच. अध्यक्ष झालेल्याने मत द्यायचं नाही, म्हणजे मोजायचे एकशे सतरा. रंगमंचाच्या दोन अंगांना दोन दारं होती, डावं 'नाही'चं, उजवं 'होय'चं. नवऱ्याने घंटा वाजवली की आधी विरोधातले डाव्या दाराने बाहेर पडायचे, ते दार बंद झालं की बाजूने असलेले उजव्या दाराने. मावशी आधी या दाराशी, मग त्या दाराशी उभ्या राहत. उजव्या खिशात बटणं, डाव्या हातात रंगभूषेच्या पावडरीचा रिकामा डबा. माणूस गेला की बटण डब्यात टण्ण. शेवटी बटणांच्या दहा-दहाच्या ओळी लावायच्या आणि आकडा खणखणीत आवाजात सांगायचा. सचिव विचारायचे, "मोजणी बरोबर?" मावशी म्हणायच्या, "बरोबर." तेवीस कलमं अशी पार पडली आणि एकदाही आकडा हलला नाही.

सचिवांना एवढंच माहीत नव्हतं की मावशींना लिहिता-वाचता येत नाही.

हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं, नवऱ्याला आणि लेकीला. लेक दवाखान्यात परिचारिका होती. तिने आईला अक्षरं शिकवायचा तीनदा घाट घातला, आणि तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या अक्षराशी नवीन नाटक आलं आणि चाळीस अंगरखे शिवायचे निघाले. कुणी कागद पुढे केला की मावशी म्हणायच्या, "चष्मा घरी राहिला बाई." वास्तविक चष्मा त्यांनी उभ्या जन्मात घेतला नव्हता. रोज काखेत वर्तमानपत्र मारून कामाला यायच्या. त्यात दुपारची भाकरी गुंडाळलेली असे ही गोष्ट वेगळी.

आणि मग आलं चोविसावं कलम, मत कुणाला असावं याचं. एकवीस वर्षांवरच्या सगळ्यांना, असं मसुद्यात होतं. त्याला दुरुस्ती आली: लिहिता-वाचता येत असेल त्यालाच.

दुरुस्ती मांडणारे मास्तर होते. म्हातारे, सडपातळ, तीस वर्षं खेडोपाडी शाळा उघडत पायपीट केलेले. माणूस वाईट नव्हता, हे मावशींनाही कबूल होतं. "ज्याला वाचता येत नाही," मास्तर गरजले, "त्याला जो कुणी वाचून दाखवेल तो फसवेल! आणि साधी गणती ज्याला जमत नाही, त्याच्या हाती देशाचा हिशोब देणार?"

डाव्या दाराशी उभ्या मावशींनी खिशातली बटणं मुठीत आवळली.

उत्तर द्यायला सुईणबाई उठल्या. दोन हजार बाळंतपणं केलेली ती बाई सभेत निवडून आली होती आणि कुणाच्या बापाला घाबरत नव्हती. "मास्तर, मूल जन्माला येतं तेव्हा आईला सही येते का, असं विचारून येत नाही. देश तिने वाढवायचा आणि मत मात्र तुम्ही द्यायचं?"

अशी जुंपली आठवडाभर. घरी तर याहून वाईट चाललं होतं, कारण मावशींच्या नवऱ्याला वाचता येत होतं. आता, येत होतं म्हणजे ओठ हलवत, बोट फिरवत, दुकानाची एक पाटी संपेपर्यंत दुकान बंद होईल अशा बेताने. पण येत होतं. त्यामुळे स्वारी हवेत होती.

"तू कशाला जिवाला घोर लावून घेतेस?" तो जेवताना म्हणाला. "मत देण्याआधी मी तुला विचारीन हो. अगदी न विसरता."

"तुम्ही? काल भाजी आणायला पाठवलं तर दोरी घेऊन आलात."

"दोरी लागतेच घरात."

"बाबा, गप्प बसा," लेक म्हणाली. पण हसू तिलाही आवरेना, आणि मावशी मात्र हसल्या नाहीत. ज्या माणसाला घंटा कधी वाजवायची हे आपण तीस वर्षं सांगतोय, त्याला मत, आणि आपण त्याच्या ताटात वाढत बसायचं! त्यांनी ताट सरकवलं. त्यांना मत हवं होतं, बस्स, स्वतःचं हवं होतं, लहान मूल हट्टाने मागतं तसं.

मतदानाच्या दिवशी मास्तरांनी शेवटचं भाषण चाळीस मिनिटं केलं आणि तेवढ्यात पाण्याचा अख्खा तांब्या रिकामा केला. नंतर सुईणबाई वीस मिनिटं बोलल्या. त्या वीस मिनिटांत मास्तर खुर्चीत आधी उजवीकडे कलले, मग डावीकडे, मग पायावर पाय टाकून स्टेशनावरच्या घड्याळाकडे बघत राहिले. त्या घड्याळाची काय मदत होणार?

घंटा वाजली. 'नाही'चं दार उघडलं. विरोधातले उठून रांगेला लागायच्या आत मास्तर सुसाट सुटले, मावशींच्या अंगावरून दाराबाहेर. आता, नाट्यगृहाचं एकुलतं एक स्वच्छतागृह त्या डाव्या दाराच्या बोळात होतं, हे सभासदांपैकी प्रत्येकाला माहीत होतं. आणि दाराबाहेर पाऊल पडलं की मत पडलं, हा नियमही माहीत होता. पण वेळ कशी येते! मास्तरांना वाटलं असणार, मोजणी सुरू व्हायच्या आत जाऊन येऊ. मावशींच्या हाताला मात्र विचार करायची सवयच नव्हती. माणूस गेला, बटण पडलं. टण्ण.

मग बाकीचे आले. दार बंद झालं. बोळातून परत यायची वाट म्हणजे मागच्या अंगणातून, मोडक्या सिंहासनांना वळसा घालून, सबंध नाट्यगृहाला प्रदक्षिणा. मास्तर धापा टाकत आत पोचले तेव्हा 'होय'चंही दार बंद झालेलं. ते मान खाली घालून खुर्चीत बसले. आपलं मत हुकलं एवढंच त्यांना कळलं होतं, आणि का हुकलं हे भर सभेत सांगण्याची सोय नव्हती.

मावशींनी ओळी लावल्या. 'होय'ला अठ्ठावन्न, 'नाही'ला एकोणसाठ. दुरुस्ती एका मताने पडली! प्रेक्षकांच्या सज्जात लेक उभी होती, तिने तोंडावर हात दाबला. सुईणबाईंनी शेजारच्या गृहस्थांच्या पाठीत असा धपका घातला की त्यांची टोपी पुढच्या रांगेत गेली.

"मोजणी बरोबर?" सचिवांनी विचारलं.

मावशींनी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. पहिलं बटण मास्तरांचं होतं. मास्तरांचंच! ज्या माणसाने आठवडाभर घसा फोडून ही दुरुस्ती मांडली, त्याच्या घाईने ती पाडली होती, आणि हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. एक शब्द बोलायचा. रोजचाच. मत पदरात पडणार होतं. नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं होणार होतं. पण आजवर त्या डब्यात खोटं बटण पडलं नव्हतं, आणि हे टोचत होतं, साठातल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा जास्त. मावशींना स्वतःचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "एक बटण चुकलंय."

सचिवांच्या हातातली लेखणी टेबलावरून घरंगळली.

"मास्तर मत द्यायला नव्हते आले. ते... म्हणजे, घाईत होते."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग मागच्या रांगेत एकाला कळलं, त्याने शेजाऱ्याला सांगितलं, आणि हसण्याची लाट अशी उसळली की अध्यक्षांच्या मागचं स्टेशन हललं. मास्तर कानापर्यंत लाल झाले. पण उठले. "बाई खरं सांगतायत. एकही शब्द खोटा नाही. एक तिकडून काढा आणि इकडे घाला."

म्हणजे दुरुस्ती एका मताने मंजूर. सज्जातली लेक मटकन खाली बसली.

"नियम एकतीस," सचिव पुस्तक चाळत म्हणाले. "आकडा बदलायचा तर मोजणाऱ्याने तसं स्वहस्ते लिहून द्यावं लागतं. मावशी, या इकडे. दोनच ओळी."

चष्मा घरी राहिल्याचं मावशींच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण आज एकदा खरं बोलून झालंच होतं, मग म्हटलं होऊन जाऊ दे. "मला लिहिता येत नाही, साहेब. वाचताही नाही."

दुरुस्तीच्या बाजूचे एक वकील होते, आवाज मोठा आणि दम कमी. ते ताडकन उठले. "म्हणजे इतके दिवस एका निरक्षर बाईने मतं मोजली? ही मोजणी ग्राह्य धरताच येणार नाही!"

"कुठली, आजची?" सचिवांनी विचारलं.

"सगळीच!"

सचिवांनी नोंदवही उघडली आणि त्यांचा चेहरा पांढरा पडत गेला. "सगळी म्हणजे... तेवीस कलमं रद्द होतात. पहिल्यापासून."

"स्वतंत्र न्यायालयांचंही?" वकिलांनी दचकून विचारलं. ते त्यांचं लाडकं कलम होतं.

"तेही. आणि पडद्याचा ठराव. आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीचाही."

जेवणाची सुट्टी म्हटल्यावर मात्र देशावर संकट आल्याची सगळ्यांना जाणीव झाली. एकच गलका उठला. जो तो सचिवांच्या टेबलाकडे धावला, माझं नद्यांचं कलम, माझं टपालाचं, माझं ते चौदावं. कुणाचा तरी पाय कुणाच्या तरी शेपटीसारख्या लांब कोटावर पडला आणि कोट फाटला.

"एक राहिलं," सुईणबाई गर्दीतून ओरडल्या. "अध्यक्षांची निवडही मावशींनीच मोजली होती!"

सगळ्यांच्या माना रंगमंचाकडे वळल्या. अध्यक्ष दोन्ही हात खुर्चीवर टेकून अर्धवट उठले होते आणि बसावं की उतरावं हे त्यांना कळत नव्हतं. "म्हणजे," ते फारच शांतपणे म्हणाले, "आत्ता मी कोण आहे?"

याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात नव्हतं. सचिवांनी ते दोनदा उलटसुलट केलं. वकील बसले, पुन्हा उठले आणि पुन्हा बसले. मोजणी खरी म्हणावी तर निरक्षर बाईची गणती खरी म्हणावी लागत होती, आणि खोटी म्हणावी तर सभा पहिल्या दिवसापासून एका साध्या गृहस्थांना अध्यक्षमहाराज म्हणत होती.

मास्तर हळूहळू पुढे आले. सक्तीच्या, फुकट शिक्षणाचं सतरावं कलम त्यांचं होतं. त्यासाठी त्यांनी सारा जन्म घालवला होता. "बाई," ते म्हणाले, "सतराव्या कलमाला किती होते?"

"सत्तर आणि सत्तेचाळीस," मावशी म्हणाल्या. "तुम्ही बासष्टावे. एका पायात काळा मोजा होता, एका पायात तपकिरी. आणि दाराबाहेर गेल्यावर भिंतीला टेकून रडलात. मी कुणाला सांगितलं नाही."

मास्तरांनी डोळे पुसले. मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "मोजणी बरोबर आहे. सगळी. तुम्ही बसा खाली, साहेब."

अध्यक्ष बसले आणि त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. चूक कबूल झाल्यामुळे चोविसाव्याच्या दुरुस्तीचं मतदान पुन्हा घ्यायचं, असा त्यांनी निकाल दिला. मोजायचं कुणी, असं विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

घंटा वाजली. खरं तर ती तीनदा वाजली, कारण एकदा वाजवून नवऱ्याला पुरेसं वाटेना. 'नाही'चं दार उघडलं आणि सुईणबाई पहिल्या बाहेर पडल्या. मागोमाग नेहमीचे. चाळीस, पन्नास, अठ्ठावन्न. इथे संपायला हवं होतं, पण रांग संपेना! नद्यांच्या कलमाचे आले, टपालाचे आले, फाटक्या कोटाचे आले. वकील आले, तेही कुठेतरी छताकडे बघत. पंचाहत्तर झाले आणि मावशींचा खिसा रिकामा झाला, कारण बाकीची बटणं मघाच्या गलक्यात सांडून हरवली होती. "थांबा, थांबा," म्हणत त्यांनी विंगेत टांगलेला सेनापतीचा अंगरखा ओढला आणि त्याची बारा बटणं तटातट तोडली. सत्त्याऐंशी. मग स्वतःच्या बाह्यांची चार. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण. रांगेतले लोक हसत होते, मावशी रडत-हसत होत्या, आणि हात मात्र एकदाही चुकत नव्हता.

शेवटी दाराशी मास्तर आले. दुपारपासून त्यांनी पाण्याचा दुसरा तांब्याही संपवला होता.

मावशींनी हात आडवा केला. आता चूक परवडणार नव्हती. "मास्तर, खरं सांगा. मत, की घाई?"

"दोन्ही," मास्तर म्हणाले. त्यांनी आपल्या कोटाचं बटण उपटलं, डब्यात टाकलं आणि बोळात पळाले.

ब्याण्णव आणि पंचवीस. आकडा ऐकताच नवऱ्याला इतका आनंद झाला की त्याच्या हातून दोर सुटला आणि पडदा धाडकन खाली आला. अध्यक्ष पडद्यामागे गेले आणि त्यांचे आभाराचे दोन शब्द तिथूनच ऐकू आले. मावशींनी या वेळी डोळे वटारले नाहीत.

संध्याकाळी तिघं चालत घरी निघाली. लेक आईच्या दंडाला धरून उड्या मारत होती, रस्त्यातले लोक बघत होते. मावशींच्या बाह्या बटणांवाचून फडफडत होत्या. नवरा चार पावलं गप्प चालला, पण त्याला ते झेपण्यासारखं नव्हतं.

"काय गं," तो म्हणाला, "मत कुणाला देणार तू?"

"ते सांगायचं नसतं."

"असं कुठे लिहिलंय?"

"एकोणिसाव्या कलमात. मत गुप्त असतं. नवऱ्यालाही सांगायची सक्ती नाही."

"तुला वाचता कुठे येतं?"

"वाचायचंय कशाला?" मावशी म्हणाल्या. "एकशे एक विरुद्ध सोळा. मीच मोजलंय ते."